कोट्यातला माणूस

गिरगावातल्या फणसवाडीतून कूपरेजच्या फुटबॉल मैदानावर जायला गाडी लागत नाही. चिराबाजारातून धोबीतलाव गाठायचा, मेट्रो सिनेमाचा चौक ओलांडायचा, क्रॉस मैदान आणि ओव्हल कडेकडेने मागे टाकलं की आलंच. गिरगावकर हा रस्ता क्रिकेटसाठी तुडवतात, त्यात काही गैर नाही. पण फुटबॉल ही नोकरी कशी असते हे जवळून पाहायचं असेल, तर पावलं आणखी थोडी पुढे न्यावी लागतात.

2005-06 च्या मोसमात महिंद्रा युनायटेडने राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकली. प्रशिक्षक गोव्याचे डेरिक परेरा. संघात घानाचा युसुफ याकुबू आणि ब्राझीलहून आलेला होसे रामिरेझ बारेटो. ही लीग मुंबईच्या संघाने त्याआधी कधी जिंकली नव्हती, तेव्हा आनंद होताच. मी मात्र या परदेशी मंडळींची नोकरी पाहत बसायचो. ‘परदेशी क्लबातून खेळणारा फुटबॉलपटू’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे युरोपला निघालेलं भारतीय पोरगं येतं. कूपरेजच्या गॅलरीतून तोच धंदा उलट्या बाजूने दिसायचा. इथे परमुलूख म्हणजे आपली मुंबई.

गॅलरी मैदानाला इतकी लगटून, की खेळाडूंच्या हाका स्पष्ट ऐकू येत. परदेशी फॉरवर्ड सुरुवातीची पंधरा-वीस मिनिटं फारसं काही करताना दिसत नाही. तो मापं घेत असतो. समोरचा स्टॉपर घाईने पाय घालतो का, आपला विंगर चेंडू लगेच सोडतो की आधी दोन वेळा घोळवतो, रेफ्री खांद्याचा धक्का चालवून घेतो की शिट्टी मारतो. मग गोलकडे पाठ करून तो चेंडू पायात मागतो. एक हात मागे पसरून बचावपटू नेमका कुठे आहे ते चाचपतो, अंग मध्ये घालतो आणि आपली माणसं वर येईपर्यंत दोन सेकंद चेंडू दडवून धरतो. या दोन सेकंदांना टाळ्या पडत नाहीत. पण त्याचा बराचसा पगार त्यांच्यासाठीच असतो, असं माझं मत आहे. नव्वद मिनिटांत स्ट्रायकरच्या पायाशी चेंडू फार थोडा वेळ असतो. बाकीचा वेळ धावण्यात, धडका खाण्यात आणि मोकळी जागा हेरण्यात जातो. तेही मुंबईच्या दमट हवेत, जिथे नुसतं बसूनही शर्ट अंगाला चिकटतो.

भाषेचं काम निराळंच. मैदानावर हिंदी, इंग्रजी आणि कोकणी यांची खिचडी चाललेली. नवा माणूस त्यातले पाच-सहा शब्द उचलतो, तेवढ्यावर मोसम काढतो. ‘पीछे’, ‘अकेला’, ‘छोड’. उरलेलं सगळं हातवाऱ्यांनी.

स्थानिक पोराने उघडा गोल चुकवला की शेजारचे काका म्हणायचे, “होतं रे असं.” तीच चूक परदेशी खेळाडूने केली की, “ह्याला कशाला आणलाय मग?” या एका प्रश्नात त्याच्या नोकरीच्या सगळ्या अटी आल्या. त्याला सरासरी असून चालत नाही, कारण तो मोजलेल्या जागेवर बसलेला असतो. इंडियन सुपर लीग 2014 मध्ये सुरू झाली तेव्हा मैदानावर सहा परदेशी चालत. 2017-18 ला ते पाचावर आले, 2021-22 पासून चारावर. कागदावर एकेक आकडा कमी झाला. प्रत्यक्षात दर वेळी प्रत्येक क्लबात एका माणसाची जागा गेली. भारतीय खेळाडूंच्या दृष्टीने नियम योग्यच, माझी तक्रार नाही. पण त्या माणसाला तिशीत नवा देश शोधावा लागला असणार.

धोबीतलावच्या जेर महालात गोव्यातल्या गावागावांचे कूड, म्हणजे उतरण्याच्या सामायिक जागा, आहेत. बोटीवर जाणारे गोवेकर कंत्राट संपलं की तिथे पेटी ठेवून पुढच्या बोटीची वाट बघत. परदेशी फुटबॉलपटू मला त्यांचा चुलतभाऊ वाटतो. फिफाच्या नियमाप्रमाणे करार निदान चालू मोसम संपेपर्यंतचा हवा आणि जास्तीत जास्त पाच वर्षांचा. पण मधल्या दर्जाच्या खेळाडूच्या हाती बहुधा एका मोसमाचाच कागद पडतो. शिवाय एका देशाच्या संघटनेकडून दुसऱ्या देशाच्या संघटनेकडे ‘आयटीसी’, म्हणजे बदलीचं प्रमाणपत्र, आल्याशिवाय तो मैदानात उतरू शकत नाही. ऑक्टोबर 2010 पासून हे काम फिफाच्या संगणकप्रणालीतूनच करावं लागतं. बदलीची खिडकी बंद व्हायच्या आत कागद पुरा झाला नाही, तर धडधाकट माणूस सामने बाहेरून बघतो.

बारेटो यात तरला. 1999 मध्ये तो मोहन बागानला आला, मध्ये मलेशियात पेनांगकडून खेळला, मग मुंबईत एक मोसम काढून पुन्हा कोलकात्याला गेला आणि तिथे 2012 पर्यंत टिकला. एवढा काळ एका परक्या देशात पाय रोवणारे फार थोडे. महिंद्राने मात्र 2010 मध्ये संघच बंद केला. त्या वेळी परदेशी आणि देशी दोघेही एकाच रांगेत आले.

आता आपली माणसं बाहेर गेली तेव्हा काय झालं ते पाहा. बायचुंग भुतिया 1999 मध्ये इंग्लंडच्या बरी क्लबात गेला. तीन मोसमांत लीगचे 37 सामने, तीन गोल. सुनील छेत्रीचं क्वीन्स पार्क रेंजर्सशी 2009 मध्ये ठरत आलं होतं, पण भारत फिफाच्या क्रमवारीत पहिल्या सत्तरांत नव्हता म्हणून कामाचा परवाना नाकारला गेला. पुढच्या वर्षी तो अमेरिकेत कॅन्सस सिटीकडे गेला आणि लीगचा एकही सामना न खेळता परतला. इथे गोलांचा पाऊस पाडणारा माणूस तिथे ‘ह्याला कशाला आणलाय’ या प्रश्नापुढे उभा होता. गुरप्रीतसिंग संधू नॉर्वेच्या स्टाबेककडे 2014 मध्ये गेला. लीगमधला पहिला सामना त्याला 2016 मध्ये मिळाला, आणि त्याच वर्षी जूनअखेर युरोपा लीगमध्ये खेळणारा तो पहिला भारतीय ठरला. त्या एका ओळीमागे दीड-दोन वर्षांचा सराव आणि बाकावरचं बसणं आहे. मला या सगळ्यांत त्याचं सर्वांत जास्त कौतुक वाटतं.

कोल्हापूरच्या अनिकेत जाधवचं उदाहरण आपल्या आणखी जवळचं. 2017 च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात तो भारताकडून खेळला आणि 2019 मध्ये सरावासाठी ब्लॅकबर्न रोव्हर्सकडे गेला. हा क्लब 2010 पासून पुण्याच्या वेंकीज घराण्याकडे आहे. पण मालक पुण्याचा असला म्हणून इंग्लंडचा परवाना पुण्यात मिळत नाही. अनिकेत परत येऊन जमशेदपूरकडून खेळला. आणखी एक अडसर आहे. काही अपवाद सोडले तर अठरा वर्षांच्या आत एका देशातून दुसऱ्या देशात नोंदणी बदलता येत नाही. मुलांची पिळवणूक थांबावी म्हणून केलेला हा नियम चांगलाच आहे. पण तिकडची पोरं आठव्या-नवव्या वर्षापासून क्लबाच्या शाळेत घडतात, आणि आपला मुलगा पहिल्यांदा दार ठोठावतो तेव्हा त्याच्या वयाचा तिकडचा खेळाडू पहिल्या संघाच्या उंबरठ्यावर असतो.

या व्यवहारात मैदानी क्लबांच्या कामाचं एक कलम आहे, त्याकडे मात्र कुणी बघत नाही. करार चालू असताना नव्या क्लबाने पैसे मोजून खेळाडूला दुसऱ्या देशात नेलं, तर त्या रकमेतले पाच टक्के त्याला वयाच्या बाराव्या ते तेविसाव्या वर्षांत घडवणाऱ्या क्लबांत वाटले जातात. अट एवढीच, की तो त्या-त्या वर्षी आपल्याकडे होता याची नोंद हवी. आपल्याकडे आता महासंघाची ऑनलाइन नोंदणी आहे, पण आधीच्या कित्येक पोरांचं नाव फक्त कुणाच्या तरी वहीत असायचं. क्रॉस मैदानावर एका छोट्या क्लबाच्या सेक्रेटरींना मी हे कलम उत्साहाने समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“पाच टक्के राहू द्या हो,” ते म्हणाले, “पोरगा मोठ्या क्लबात गेला की फोनपण उचलत नाही.” मग हातातला जन्मदाखला माझ्यापुढे धरला. “ही तारीख तेवढी वाचा. सात आहे की एक? चष्मा घरी राहिला.”