मूत्राशयाचा कर्करोग : न दुखणाऱ्या रक्ताची गोष्ट

लघवीतून रक्त जाते आणि दुखत मात्र काहीच नाही, अशा वेळी माणूस काय करतो? बहुधा वाट पाहतो. त्यातून दिवस वैशाखाचे असले तर घरातील वडीलधारी मंडळी 'उन्हाळी लागली' म्हणून मोकळी होतात. धने-जिऱ्याचे पाणी सुरू होते, दोन दिवसांत लघवी स्वच्छ होते आणि श्रेय धने-जिऱ्याला मिळते. मूत्राशयाच्या कर्करोगासंबंधी आम्हांला जे सांगावयाचे आहे त्याचे सार या दोन दिवसांत आहे. उन्हाळीत आग होते, थेंब थेंब लघवी होते. कर्करोगातले रक्त बहुधा वेदनेवाचून येते, आपोआप थांबते आणि कधी कधी महिनोन्‌महिने पुन्हा दिसत नाही. रक्त थांबले म्हणजे रोग गेला, असे मात्र नव्हे.

हा रोग होतो कसा? मूत्रपिंडे रक्त गाळतात आणि टाकाऊ द्रव्ये लघवीवाटे मूत्राशयात येऊन साचतात. म्हणून शरीरात शिरलेल्या विषाचा मूत्राशयाच्या अस्तराशी तासन्‌तास संबंध येतो. १८९५ साली फ्रँकफुर्टचे शल्यवैद्य लुडविग रेन यांनी किरमिजी रंगाच्या कारखान्यातील कामगारांना मूत्राशयाच्या गाठी होत असल्याचे दाखवून दिले. पुढे १९३८ मध्ये अमेरिकेत विल्हेल्म ह्यूपर यांनी रंगधंद्यातील बीटा-नॅफ्थिलअमीन हे द्रव्य कुत्र्यांना देऊन तशाच गाठी निर्माण करून दाखविल्या. रंगाच्या कारखान्याशी आमचा काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे, हेच द्रव्य तंबाखूच्या धुरातही असते! विडी-सिगारेट ओढणाऱ्यास फुप्फुसाची भीती ठाऊक असते, मूत्राशयाची नसते. वास्तविक धूम्रपान हेच या रोगाचे सर्वांत मोठे कारण होय. कारण आणि रोग यांच्यामध्ये कित्येकदा वीस-तीस वर्षे जातात, म्हणून दोहोंचा संबंध लक्षात येत नाही. पुरुषांत हा रोग अधिक. परंतु स्त्रियांच्या बाबतीत रक्त म्हणजे जंतुसंसर्गच, असे समजून औषधे दिली जातात आणि निदानास उशीर होतो.

लघवीतील प्रत्येक रक्त कर्करोगाचे नसते. खडा, जंतुसंसर्ग, प्रोस्टेट ग्रंथीची वाढ, अशी पुष्कळ कारणे असतात. पण ते ठरवावयाचे तपासणीने, अंदाजाने नव्हे. लघवीची तपासणी व सोनोग्राफी प्रथम होते. परंतु लहान गाठ सोनोग्राफीत निसटू शकते. लघवीतील पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात, त्यातही सौम्य जातीची गाठ चुकू शकते. म्हणून खरा निर्वाळा दुर्बिणीचा. माक्स निट्झे यांनी १८७० नंतरच्या दशकात मूत्राशयात प्रकाश नेऊन आत पाहण्याचे उपकरण सिद्ध केले. आजची बारीक, लवचिक दुर्बीण त्याचीच वंशज आहे. जागा बधिर करून ही तपासणी काही मिनिटांत होते.

गाठ दिसली की भूल देऊन दुर्बिणीतूनच ती खरवडून काढतात. पोटावर छेद घ्यावा लागत नाही. काढलेला तुकडा तपासताना मुख्य प्रश्न एकच : रोग अस्तरापुरता आहे, की खालच्या स्नायूत उतरला आहे? सुमारे तीन-चतुर्थांश रुग्णांत तो निदानाच्या वेळी स्नायूपर्यंत पोचलेला नसतो. मात्र अशी गाठ पुनःपुन्हा उगवण्याची खोड असलेली असते. ते टाळण्यासाठी मूत्राशयात औषध सोडतात, आणि त्यांतले एक आपल्या ओळखीचे आहे. दंडावर ज्याची खूण असते तीच क्षयाची बी. सी. जी. लस! १९७६ साली कॅनडातील अल्वारो मोरालेस यांनी ती मूत्राशयात सोडून गुण येतो असे दाखविले. नळीवाटे आठवड्यातून एकदा, असे प्रथम सहा आठवडे ती देतात. लशीतील दुबळे जंतू पाहून शरीराचे रक्षक-पेशी धावून येतात आणि त्या धुमश्चक्रीत कर्करोगाच्या पेशीही मारल्या जातात. दंडावरची लस मात्र या रोगापासून रक्षण करीत नाही, हे ध्यानात असावे.

रोग स्नायूत उतरला असेल तर उपाय मोठा करावा लागतो. पुष्कळदा आधी औषधे देऊन मग संपूर्ण मूत्राशय काढतात. आतड्याच्या तुकड्यातून लघवीची वाट पोटावर काढून तेथे पिशवी लावतात, किंवा त्याच आतड्याचे नवे मूत्राशय शिवतात. निवडक रुग्णांत किरणोपचार व औषधे यांच्या जोडीने मूळ मूत्राशय राखता येते. पोटावर पिशवी असलेली माणसे नोकरी करतात, प्रवास करतात. तिची धास्ती घेऊन शस्त्रक्रिया लांबविणे हेच अधिक घातक.

उपचारानंतरही दुर्बिणीची तपासणी ठरल्या वेळी, आरंभी बहुधा दर तीन महिन्यांनी, करीत राहावी लागते. ठीक वाटते म्हणून ती चुकविणे म्हणजे धने-जिऱ्याचीच चूक पुन्हा करणे.

सारांश, तंबाखू सोडावी, आणि लघवीत रक्त एकदाच दिसले, दुखले नाही, दुसऱ्या दिवशी थांबले, तरी डॉक्टरांकडे जावे. धने-जिऱ्याच्या पाण्यास आमची मुळीच हरकत नाही. ते तपासणी करून आल्यावर प्यावे.