कच्च्या टाक्यांचं सॉफ्टवेअर



"तुम्ही ऑफिसात नक्की करता तरी काय?" मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात, जेवणाच्या रांगेत, आम्हा संगणकवाल्यांना हा प्रश्न ठरलेला. उत्तर देईपर्यंत श्रीखंड संपतं, म्हणून यावेळी लिहूनच देतोय.

इंजिनीअरिंगला असताना आम्ही 'वॉटरफॉल'च्या पायऱ्या पाठ केल्या होत्या. ग्राहकाच्या सगळ्या गरजा लिहून घ्यायच्या, त्यावर सही घ्यायची, मग आराखडा, प्रोग्रॅमिंग, चाचणी. ग्राहकाला वस्तू दिसते ती अगदी शेवटी. १९९१ साली जेम्स मार्टिन यांनी 'रॅपिड ॲप्लिकेशन डेव्हलपमेंट' या पुस्तकात वेगळी रीत मांडली. ती आपल्या शिंप्याला केव्हाचीच ठाऊक आहे! तो कोट कच्च्या टाक्यांनी जोडतो, अंगावर चढवून बघतो, खुणा करतो आणि मगच पक्की शिलाई घालतो. तसाच सॉफ्टवेअरचा कच्चा नमुना थोड्या दिवसांत करायचा, रोज वापरणाऱ्यांपुढे ठेवायचा, सुधारून पुन्हा दाखवायचा. तारीख मात्र हलवायची नाही. वेळ कमी पडला तर कमी गरजेच्या सोयी गाळायच्या.

बहरीनमध्ये १ जानेवारी २०१९ पासून ५ टक्के व्हॅट लागू झाला. कायदा आला होता ऑक्टोबर २०१८ मध्ये, म्हणजे हातात जेमतेम तीन महिने. एका घाऊक व्यापाऱ्याची बिलं बदलायचं काम आम्हा तिघांकडे आलं. चौथ्या दिवशी नमुना दाखवला. तिथल्या जुन्या कॅशियरने एक नजर टाकली आणि विचारलं, "फिल्स कुठे गेले?"

आम्ही रुपये-पैशांच्या सवयीने दशांशानंतर दोनच घरं ठेवली होती. दिनारचे तर १००० फिल्स, म्हणजे घरं तीन हवीत. ३५० फिल्सच्या वस्तूवर कर साडेसतरा फिल्स. तीन घरांत तो १८ होतो, आमच्या दोन घरांत २०! गरजांच्या यादीत हे कुणी लिहिलंच नव्हतं. इथल्या माणसाला ते सांगावंसं कशाला वाटेल?

इथपर्यंत छान. पण नमुना मालकांना इतका आवडला की ते म्हणाले, "हेच सुरू करा." आम्हीही मान डोलावली. घाईत ५ हा आकडा एका जागी न ठेवता प्रोग्रॅममध्ये ठिकठिकाणी थेट लिहिलेला होता. १ जानेवारी २०२२ ला दर १० टक्के झाला. आम्ही शोधून शोधून बदल केले, तरी एक जागा राहिली : फोनवरच्या ऑर्डरींची बिलं. ती काही दिवस ५ टक्क्यांनीच निघाली आणि फरक मालकांना पदरचा भरावा लागला. चूक आमची, कच्च्या टाक्यांचा कोट आम्ही लग्नाला घालू दिला.

बिलं, रजेचे अर्ज, गोदामातल्या मालाची नोंद अशा कामांना ही रीत उत्तम. सित्राच्या रिफायनरीतली यंत्रं चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला मात्र ती कुणी लावू नये.

आता आम्ही नमुन्याच्या प्रत्येक स्क्रीनवर लाल अक्षरांत 'कच्चा' असं लिहितो. ग्राहक विचारतात, तो शब्द काढता येईल का?