पुढच्या पिढीची काळजी, पण कुणाच्या?

फेब्रुवारी १९१८. अहमदाबादेत प्लेगची साथ ओसरली आणि गिरणीमालकांनी कामगारांचा ‘प्लेग बोनस’ बंद करायला घेतला. मजूर ३५ टक्के पगारवाढीवर अडलेले, मालक २० टक्क्यांवर. मालकांचे पुढारी अंबालाल साराभाई, तर मजुरांच्या बाजूने त्यांचीच सख्खी बहीण अनसूयाबेन! संपावर गेलेले मजूर ढिले पडू लागले तेव्हा गांधीजींनी १५ मार्चला उपास धरला. तीन दिवसांत तडजोड झाली. गांधीजी तेव्हा ४८ वर्षांचे होते.

हे वय एरिक एरिक्सन या मानसशास्त्रज्ञाला महत्त्वाचं वाटलं. १९५०च्या ‘चाइल्डहूड अँड सोसायटी’त त्यांनी माणसाच्या आयुष्याचे आठ टप्पे मांडले होते. त्यातला सातवा साधारण चाळिशी ते पासष्टीचा. आपल्यामागून येणाऱ्यांसाठी काही उभं करावं, कुणाला तरी हाताशी धरून शिकवावं, ही ओढ या वयात जोर धरते. तिला ते ‘जनरेटिव्हिटी’ म्हणतात. ती जागी झाली नाही, तर माणूस स्वतःलाच एकुलत्या एक लेकरासारखा गोंजारत बसतो. मिडलाइफ क्रायसिसची चर्चा फार होते, पण ते वादळ प्रत्येकाच्या वाट्याला येतंच असं नाही. हा बदल त्याहून संथ आणि माझ्या मते जास्त खोल आहे. आजवर किती जगलो याऐवजी आता किती उरलं, असा हिशेब सुरू होतो.

१९६२ मध्ये एरिक्सन अहमदाबादेत आले. संप पाहिलेली माणसं त्यांना भेटली. त्यातून १९६९ मध्ये ‘गांधीज ट्रुथ’ झालं. त्याला पुलित्झर मिळालं. पण या पुस्तकात एरिक्सन गांधीजींना उद्देशून एक लांबलचक पत्र लिहितात आणि घरच्या माणसांशी ते कसे वागले याचा जाब विचारतात. साऱ्या देशाचे ‘बापू’ झालेल्या या माणसाचं थोरल्या मुलाशी, हरिलालशी, कधीच जमलं नाही.

जाब विचारणाऱ्याच्या घरीही एक झाकलेलं पान होतं. १९४४ मध्ये एरिक्सन यांना डाऊन सिंड्रोम असलेला मुलगा झाला. त्याला संस्थेत ठेवलं आणि थोरल्या भावंडांना सांगितलं, बाळ गेलं.

१९९२ मध्ये मानसशास्त्रज्ञ डॅन मॅकअ‍ॅडम्स यांनी जनरेटिव्हिटीची ही ओढ मोजायला २० विधानांची प्रश्नावली केली. ती ज्याची त्यानेच भरायची असते. त्याच्या मुलांना कुणी विचारत नाही.