क्वार्टर सोडण्यापूर्वी

माणूस घर घेतो ते उमेदीच्या वयात, अशी आपली साधारण समजूत असते. परंतु आपल्या देशात अशी काही औद्योगिक नगरे आहेत की, जेथील हजारो कुटुंबांना स्वतःच्या घराचा पहिला विचार साठीच्या उंबरठ्यावर करावा लागतो. छत्तीसगडातील भिलाई हे त्यांपैकी एक. येथे तीस-पस्तीस वर्षे नोकरी होते, मुले शिकून मोठी होतात, अंगणात लावलेला आंबा फळाला येतो आणि मग एके दिवशी सेवानिवृत्तीचा कागद हाती पडतो. क्वार्टर कंपनीचे असते. आंबाही कंपनीचाच असतो.

अशा वेळी मराठी कुटुंबापुढे दोन वाटा असतात. एक, भंडारा, नागपूर किंवा अमरावतीकडील मूळ गावी परतण्याची. दुसरी, येथेच घर घेऊन राहण्याची. गावच्या घरात भावांचे हिस्से पडलेले असतात, जुने सोबती पांगलेले असतात. उलट, आयुष्यभराचा मित्रपरिवार आणि ओळखीचे डॉक्टर भिलाईत असतात. म्हणून पुष्कळजण दुसरी वाट धरतात. त्या वाटेवर काय पाहावे आणि काय टाळावे, याचा विचार आपण येथे करू. आपण भिलाईचे नसाल, तरी परप्रांतात संसार मांडलेल्या कोणाही वाचकाला यातील बराचसा भाग उपयोगी पडेल.

नागपूरच्या छायेतील नगर

भिलाई हे मराठी माणसाला सर्वस्वी परके गाव कधीच नव्हते. अठराव्या शतकापासून १८५४ पर्यंत छत्तीसगडावर नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता. पोलाद कारखान्यासाठी भारत व सोव्हिएत संघ यांच्यात २ फेब्रुवारी १९५५ रोजी करार झाला, तेव्हा दुर्ग जिल्हा ज्या मध्यप्रदेशात होता, त्याची राजधानी नागपूरच होती. पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि दुर्ग नव्या मध्यप्रदेशात राहिला. १ नोव्हेंबर २००० पासून हा भाग छत्तीसगड राज्यात आहे. राज्यांच्या सीमा अशा बदलल्या, तरी हावडा-मुंबई लोहमार्गावर नागपूर आणि दुर्ग यांच्यामधील अंतर मात्र तेच, सुमारे २६५ किलोमीटर, राहिले. सकाळी निघालेला माणूस दुपारच्या जेवणाला नागपुरास पोहोचू शकतो.

४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. वर्षाला दहा लाख टन पोलादाच्या क्षमतेने आरंभ झालेल्या या कारखान्याने पुढे भारतीय रेल्वेला रूळ पुरविले आणि त्याच्या कामासाठी देशाच्या कानाकोपऱ्यांतून माणसे आली.

वाटून मिळालेला शेजार

या माणसांना घरे मिळाली ती हुद्दा आणि सेवाज्येष्ठता पाहून. अर्जदार कोणत्या प्रांतातला, हे कोणी पाहिले नाही. त्यामुळे तळमजल्यावर बंगाली, वरच्या मजल्यावर मल्याळी, समोर पंजाबी आणि डाव्या हाताला तेलुगू असा शेजार ज्याच्या त्याच्या वाट्याला आपोआप आला. सेक्टर ६ मध्ये कालीबाडी, मशीद आणि गुरुद्वारा ही तिन्ही आहेत. कोणाच्या घरी ओणमचे जेवण, कोणाकडे दुर्गापूजेचा प्रसाद आणि आपल्याकडे गणपतीचे मोदक, अशी देवाणघेवाण येथील मुलांनी जन्मापासून पाहिली. भिलाईला ‘छोटा भारत’ म्हणतात, ते उगीच नव्हे.

परंतु, वाचकहो, येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. हा शेजार कोणी निवडला नव्हता; तो वाटून मिळाला होता. क्वार्टर सोडून माणूस स्वतःच्या पैशाने घर घ्यायला निघाला की, प्रथमच शेजाराची निवड त्याच्या हाती येते. मग ‘आपल्या लोकांची वस्ती कोणती?’ असा प्रश्न हळूच पुढे येतो. दलालही गिऱ्हाइकाचे आडनाव ऐकून त्याला कोणत्या गल्लीत न्यायचे ते ठरवितो. उतारवयात आपल्या भाषेचा शब्द कानी पडावा, असे वाटणे स्वाभाविक आहे. त्यात दोष नाही. पण रात्री दोन वाजता छातीत कळ आली, तर धावून येणारा माणूस पलीकडच्या भिंतीआडचा असतो, हेही विसरू नये. पस्तीस वर्षे जे आपण सहज केले, ते आता जाणूनबुजून करावयाचे आहे, एवढाच काय तो फरक.

आणखी एका शेजाऱ्याची आठवण ठेवावयास हवी. कारखाना व वसाहत ज्या जमिनीवर उभी राहिली, ती येथील छत्तीसगढी शेतकऱ्यांची होती. त्यासाठी कित्येक खेड्यांची शेते गेली. आज नगराच्या कडेने ज्या नव्या वसाहती उठत आहेत, त्याही बहुतेक अशाच शेतांवर. तेथे राहावयास जाणाऱ्याने चार शब्द छत्तीसगढीचे शिकावेत. आपला पोळा तो त्यांचा ‘पोरा’. आपल्या मुलांचे लाकडी बैल, तर त्यांच्या मुलांचे मातीचे. ठेठरी-खुरमीच्या ताटाने ही ओळख सुरू होण्यास वेळ लागत नाही.

जमीन कोणाची?

आता व्यवहाराकडे वळू. भिलाईत घर पाहताना पहिला प्रश्न किती खोल्या आहेत हा नसून, जमीन कोणाची आहे, हा असावा.

वसाहतीच्या सेक्टरांतील जमीन कंपनीची आहे. या शतकाच्या आरंभी तेथील काही घरे कर्मचाऱ्यांना दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने, म्हणजे लीजने, देण्यात आली. असे घर कोणी देऊ केल्यास मोहरून जाऊ नये. रुंद रस्ते, झाडी आणि जवळच सेक्टर ९ मधील जवाहरलाल नेहरू रुग्णालय, ही सारी सुखे खरी. पण भाडेपट्टा म्हणजे मालकी नव्हे. मुदतीची किती वर्षे उरली आहेत, हस्तांतरास कंपनीची संमती लागते काय, पट्टा नोंदणीकृत आहे काय, वारसांना काय मिळेल, या चार प्रश्नांची उत्तरे मूळ दस्तात स्वतः वाचावीत.

वसाहतीबाहेर नेहरू नगर, स्मृती नगर, वैशाली नगर, रिसाली, जुनवानी, कोहका असे अनेक भाग आहेत. येथे मालकीची घरे व भूखंड मिळतात, आणि येथेच कागदांची पारख लागते.

शब्द निराळे, कागद तेच

महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाचा गोंधळ उडतो तो शब्दांमुळे. आपला तलाठी तो येथे पटवारी. सातबाऱ्यावर आपण जे शोधतो, ते येथे खसरा आणि बी-१ या कागदांत शोधावे. राज्य शासनाच्या ‘भुइयां’ या संकेतस्थळावर ते पाहावयास मिळतात. आपला फेरफार म्हणजे येथले नामांतरण. शेतजमीन अकृषिक करण्याला येथे डायवर्सन म्हणतात. डायवर्सन न झालेल्या शेताचे तुकडे पाडून स्वस्तात भूखंड विकणारे पुष्कळ भेटतात. अशा ठिकाणी पुढे नकाशा मंजूर होणे, कर्ज मिळणे, रस्ता-गटार होणे, सारेच अवघड होऊन बसते.

जमीन मूळची आदिवासी खातेदाराची असल्यास विशेष सावध असावे. येथील भू-राजस्व संहितेच्या कलम १६५ प्रमाणे अशी जमीन बिगर-आदिवासीला घेता येण्यावर कडक निर्बंध आहेत. व्यवहार कितीही जुना म्हणून सांगितला, तरी मूळ नोंद पाहिल्यावाचून पुढे जाऊ नये.

केवळ मुखत्यारपत्रावर घर घेण्याचा मार्गही टाळावा. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट केले आहे की, मुखत्यारपत्र व विक्रीचा करारनामा यांनी मालकी मिळत नाही. ती नोंदणीकृत विक्रीखतानेच मिळते. ‘नोंदणी मागाहून करू, आता खर्च वाचेल’ असे कोणी म्हटले, तर तो आपला खर्च वाचवीत नसून आपले घर धोक्यात घालीत आहे, असे समजावे.

बांधकाम चालू असेल तर

अपुऱ्या इमारतीतील घर घेणाऱ्यास २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याचा, म्हणजेच ‘रेरा’चा, आधार आहे. पाचशे चौरस मीटरांहून अधिक जमिनीवरील व आठांहून अधिक सदनिकांच्या प्रकल्पाची नोंदणी आवश्यक आहे. नोंदणीकृत करार झाल्याखेरीज बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. ग्राहकांकडून मिळालेल्या पैशांपैकी सत्तर टक्के स्वतंत्र खात्यात ठेवावे लागतात. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामात मूलभूत दोष आढळल्यास तो विनामूल्य दुरुस्त करून देणे बिल्डरवर बंधनकारक आहे. हे चार नियम घरातील प्रत्येक मोठ्या माणसाला ठाऊक असावेत.

पैसा आणि वेळ

निवृत्तीच्या वेळी भविष्य निर्वाह निधी व उपदान मिळून एकदम मोठी रक्कम हाती येते. तेवढी रक्कम पूर्वी कधी पाहिलेली नसते आणि पुढे कधी पाहावयास मिळणारही नसते. दलालाला हे आपल्याइतकेच ठाऊक असते. म्हणून घराची किंमत ठरविताना मुद्रांक शुल्क, नोंदणी फी, दुरुस्ती, पाण्याची टाकी, कूपनलिका यांचा खर्च प्रथमच मांडावा. औषधपाण्याची रक्कम बाजूला काढावी आणि मग उरेल त्यात बसेल तेवढेच घर घ्यावे. मुले पुण्यास किंवा बंगळुरास स्थायिक होणार असतील, तर चार शयनगृहांचा बंगला हा दोन म्हाताऱ्या माणसांना केरवाऱ्याचा भार ठरतो. जिना नसलेले दोन खोल्यांचे घर पुष्कळदा अधिक सुखाचे.

दस्त पती-पत्नी दोघांच्या नावे करावा. घर चालविणारी गृहिणी कागदावर नसावी, हे बरे दिसत नाही. शिवाय पतीच्या पश्चात वारसाच्या खटपटीत तिला पडावे लागू नये.

हे सारे निवृत्तीच्या शेवटच्या महिन्यात उरकण्याजोगे काम नव्हे. निदान पाच वर्षे आधी सुट्टीच्या दिवशी दोघांनी मिळून वस्त्या पाहावयास निघावे. एकदा उन्हाळ्यात जावे, म्हणजे पाणी कळते. एकदा भर पावसात जावे, म्हणजे रस्ता कळतो. आणि एकदा संध्याकाळी जाऊन कोपऱ्यावरच्या दुकानात चहा घ्यावा, म्हणजे शेजार कळतो. या तीन फेऱ्यांत पसंत पडलेल्या घराचे कागद मग वकिलाच्या हाती द्यावेत.