पारस शेजारी, तरी बिल तेवढंच का?

शेगावहून रेल्वेने अकोल्याकडे निघालं की पारसची धुराडी दिसतात. मलकापूर सोडून पश्चिमेला गेलं की भुसावळजवळ दीपनगर. कोळशाची दोन मोठी वीज केंद्रं बुलढाणा जिल्ह्याच्या दोन्ही अंगांना असताना इथे तरी वीज स्वस्त हवी, असं अनेकांना वाटतं.

पण पारसच्या 250 मेगावॅटच्या दोन संचांची वीज बुलढाण्यासाठी बाजूला काढलेली नसते. ती ग्रिडमध्ये चंद्रपूरच्या, कोयनेच्या, तारापूरच्या विजेत मिसळते. महावितरण ही सगळी वीज विकत घेतं, महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग एकूण खर्च तपासतो आणि महावितरणच्या सगळ्या घरगुती ग्राहकांसाठी एकच दरपत्रक ठरवतो. चिखली आणि चंद्रपूर यांचा दर म्हणूनच सारखा. या विजेत सर्वांत मोठा वाटा कोळशाचा. इंधन महागलं की त्याचा फरक ‘इंधन समायोजन आकार’ म्हणून बिलात येतो. कोयनेची क्षमता 1960 मेगावॅट असली, तरी पश्चिमेकडे वळवायच्या पाण्याला कृष्णा लवादाची मर्यादा आहे. ती वीज मुख्यतः मागणी चढते त्या वेळेसाठी राखली जाते.

शंभराच्या वर एक युनिट गेलं की सगळी युनिटं महाग, हाही पक्का रुजलेला गैरसमज. 110 युनिटं जळाली तर वरचा दर फक्त शेवटच्या 10 युनिटांना लागतो. तो दर मात्र पहिल्या टप्प्याच्या दुपटीच्या आसपास असल्याने बिल झपाट्याने वाढतं.

‘शेतकऱ्याला फुकट, म्हणून आम्हाला महाग’ हे तर अर्धंच खरं. 2024 च्या बळीराजा मोफत वीज योजनेत साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांचं बिल राज्याच्या तिजोरीतून भरलं जातं. शेजारच्या घराच्या बिलातून नाही. त्याआधी मुळात शेतीचा दरच खर्चापेक्षा कमी ठरवलेला असतो, आणि ती तूट उद्योग व व्यापारी ग्राहकांच्या चढ्या दरातून भरून काढतात. खामगावच्या जिनिंगवाल्याची तक्रार त्यामुळे खोटी नाही. पण शेतकऱ्यावर फुकटेपणाचा ठपका ठेवणं मला अन्यायाचं वाटतं. सगळे पंप दिवसा एकदम चालले तर लाइन पेलत नाही, म्हणून थ्री फेज पाळीपाळीने मिळते आणि रात्रीची पाळी आली की गव्हाला पाणी द्यायला अंधारात जावं लागतं. ज्ञानगंगा अभयारण्याच्या काठच्या शिवारांत तर अस्वल आणि बिबट्याची धास्ती असते.

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत उपकेंद्राजवळच सौर प्रकल्प उभारून शेतीच्या फीडरला दिवसा वीज दिली जाते. ही वीज महावितरणला युनिटमागे तीन रुपयांच्या आसपास पडते, म्हणजे महावितरणच्या सरासरी खरेदी खर्चापेक्षा कमी. शेतीवरचा खर्च घटला, तर जिनिंगच्या बिलात घातलेला बोजाही तेवढाच उतरवता येतो.