दारू सोडवणारी पुडी: गैरसमज आणि वस्तुस्थिती

नवऱ्याला कळू न देता चहात किंवा वरणात पुडी मिसळली की त्याची दारू आपोआप सुटते, हा समज मराठवाड्यात, विशेषतः लोह्यासारख्या तालुक्याच्या गावी आणि आसपासच्या वाड्या-तांड्यांवर, इतका मुरलेला आहे की नवऱ्याचे डोळे पिवळे पडले, पायांवर सूज चढली, तरी घरची मंडळी पत्नीला आधी पुडी आणायला सांगतात आणि दवाखान्याचे नाव नंतर काढतात. या समजापायी माणूस दगावू शकतो, म्हणून तो स्पष्ट शब्दांत खोडून काढणे आवश्यक आहे.

अशा पुडीवर घटकांची नावे बहुधा नसतात; तीत निरुपयोगी चूर्ण असू शकते, तसेच डायसल्फिराम हे खरे औषधही असू शकते. दारूच्या व्यसनावर या औषधाचा उपयोग डॅनिश संशोधकांनी 1948 साली जगापुढे मांडला. मद्यार्काचे यकृतात आधी ॲसिटाल्डिहाइड या विषारी द्रव्यात आणि त्यानंतर निरुपद्रवी आम्लात रूपांतर होते. डायसल्फिराम यातली दुसरी पायरी अडवते, त्यामुळे पोटात थोडी जरी दारू गेली तरी विष रक्तात साचते, चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, उलट्या सुरू होतात आणि रक्तदाब घसरतो. हे ज्याला ठाऊक असते तो दारूला हात लावत नाही, आणि औषधाचा सारा उपयोग त्या जाणिवेवरच अवलंबून असतो. ज्याला काहीच ठाऊक नाही तो संध्याकाळी नेहमीप्रमाणे क्वार्टर घेतो आणि कोसळतो. औषधाचा परिणाम शेवटच्या गोळीनंतरही दोन आठवड्यांपर्यंत टिकू शकतो, काही रुग्णांत त्यानेच यकृताला गंभीर दाह होतो, आणि हृदय वा यकृत आधीच दुबळे असेल तर ही प्रतिक्रिया प्राणावर बेतते. त्यातच दवाखान्यात डॉक्टरांनी विचारले असता भेदरलेली पत्नी पुडीचा उल्लेख टाळते, म्हणून निदानही चुकते. पुडी विकणारा नामानिराळा राहतो आणि दोष मात्र तिच्या माथी येतो. म्हणूनच हे औषध यकृत व हृदय तपासून, रुग्णाला सर्व समजावून आणि त्याच्या संमतीनेच दिले जाते. फसवून दिलेल्या औषधाला उपचार म्हणता येत नाही.

इतर गैरसमजांचा परामर्श थोडक्यात घेता येतो.

“माळ घातली की दारू सुटते.” माळेमुळे येणारा निश्चय मोलाचा आहे, परंतु वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याने एकाएकी थांबवल्यास पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात आणि त्यानंतर कंप, ताप, भास व असंबद्ध बडबड असलेली डिलिरियम ट्रेमेन्स ही जीवघेणी अवस्था उद्भवू शकते, म्हणून माळ घालण्याआधीच डॉक्टरांना गाठावे.

“कावीळ झाडपाल्याने उतरते.” दारू पिणाऱ्याची कावीळ बहुधा यकृत निकामी होत चालल्याची खूण असते.

“दोन सलाईन लावले की माणूस ताजातवाना होतो.” अशा रुग्णांत थायमिन म्हणजेच ब-1 जीवनसत्त्वाची कमतरता असते, आणि ते न देता नुसते ग्लुकोज चढवल्यास मेंदूला इजा होण्याचा धोका असतो.

“बिअर म्हणजे दारू नव्हे.” आठ टक्के मद्यार्क असलेल्या 650 मिलिलिटर बाटलीत सुमारे 41 ग्रॅम मद्यार्क असतो, म्हणजे व्हिस्कीच्या क्वार्टरमधल्या मद्यार्काच्या दोन तृतीयांश.

“लिव्हर गेलेच, आता सोडून काय उपयोग?” यकृतावरची चरबी काही आठवड्यांच्या वर्जनाने उतरू शकते, आणि यकृत आकसून कठीण होण्याच्या सिरोसिस या अवस्थेतही दारू थांबवल्यास आयुष्य वाढते.

“बायको नीट असती तर तो प्यायला नसता.” केंद्र सरकारसाठी दिल्लीच्या एम्सने केलेल्या आणि 2019 साली प्रसिद्ध झालेल्या सर्वेक्षणानुसार देशात सुमारे 5.7 कोटी लोक घातक मद्यपान करतात किंवा दारूवर अवलंबून आहेत, आणि अवलंबून असलेल्यांपैकी 38 जणांमागे एकालाच काही उपचार मिळालेला आहे. इतका पसरलेला आजार एकेका पत्नीच्या वागण्यातून उपजत नाही, आणि तिने स्वतःला कितीही झिजवले तरी केवळ तेवढ्याने तो बराही होत नाही.

तिच्या हाती जे आहे ते उघडपणे करता येते. नवरा शुद्धीवर असताना, बहुधा सकाळी, दोषारोप न करता दिसणारी लक्षणे सांगून उपचाराचा विषय काढावा. लोह्याहून जवळच्या नांदेडमध्ये विष्णुपुरीला डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. व्यसनमुक्तीच्या मार्गदर्शनासाठी 14446 आणि मानसिक आरोग्यासाठी 14416 हे राष्ट्रीय क्रमांक आहेत. पुण्यात 1986 साली सुरू झालेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राने रुग्णांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ गट चालवला, कारण या आजारात पत्नीलाही स्वतंत्र आधार लागतो. मारहाण होत असेल तर 2005 च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याचे संरक्षण मागण्यासाठी नवऱ्याची दारू सुटण्याची वाट पाहू नये. रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौच, झटका किंवा भ्रम यांपैकी काहीही दिसल्यास मात्र तत्काळ 108 ला फोन करावा, आणि पुडी दिली असेल तर ती डॉक्टरांच्या हाती द्यावी.