घर बांधताय? आधी कागद, मग पाया

गेल्या उन्हाळ्यात श्रीगोंदा तालुक्यात आमच्या पाहुण्यांकडे जाणे झाले. रमाई आवास योजनेतून घरकुल मंजूर झालेले, पाया खणलेला. पण घरात कोणी धड बोलेना. शेवटी वहिनीच म्हणाल्या, "भाऊ, वाळूचा ट्रॅक्टर तहसीलला धरून नेलाय. दंड आम्हीच भरावा म्हणतोय ट्रॅक्टरवाला. बचत गटाचं कर्ज काढायची पाळी आली."

घरधन्यांचे म्हणणे साधे होते. घरकुलाला वाळू फुकट आहे, मग पास कशाला? इथेच आपली माणसे फसतात. माफी आपल्या हक्काची खरी, पण ती चालत घरी येत नाही. ती मागावी लागते, आणि मागावी लागते काम सुरू करण्याआधी.

घरकुलाच्या लाभार्थ्याला 5 ब्रासपर्यंत वाळूचे स्वामित्वधन, म्हणजे रॉयल्टी, माफ आहे. 1 ब्रास म्हणजे 100 घनफूट. मात्र त्यासाठी तहसील कार्यालयाचा पास लागतो. घरकुलाचा मंजुरी आदेश आणि आधार कार्ड घेऊन ग्रामसेवक किंवा तलाठ्यामार्फत अर्ज करावा व अर्जाची पोच घ्यावी. पासावर ठिकाण, तारीख, गाडी जी लिहिली असेल तीच पाळावी. मुदत संपलेला पास म्हणजे पास नसल्यासारखाच. वाहतुकीचा खर्च आपला आपल्याला करावा लागतो, तोही धरून ठेवावा. उरलेली वाळू शेजाऱ्याला विकू नये. विनापास वाळूवर बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो, आणि गाडी अडकते ती वेगळीच. शिवाय 10 जून ते 30 सप्टेंबर नदीतून वाळू काढण्यास बंदी असते. म्हणून पासाचा अर्ज उन्हाळा सरता सरता नव्हे, दिवाळीनंतर लगेच करावा.

"मागच्या वेळी असं नव्हतं" या भरवशावरही राहू नये. आपल्याच जिल्ह्यात, श्रीरामपूर तालुक्यातील नायगाव येथे 1 मे 2023 रोजी राज्यातले पहिले सरकारी वाळू केंद्र सुरू झाले. तिथे 600 रुपये ब्रासने वाळू देण्याचे धोरण होते. एप्रिल 2025 मध्ये नवे धोरण आले आणि डेपोची ती पद्धत मागे पडली. घरकुलाची 5 ब्रासची सवलत मात्र राहिली. तेव्हा ज्या वर्षी घर, त्या वर्षीचा नियम विचारावा.

दुसरी गोष्ट कामगार उपकराची. नगर शहरात किंवा नगरपालिकेच्या हद्दीत बांधकाम परवानगी काढताना बांधकाम खर्चाच्या 1 टक्का उपकर घेतला जातो. पूर्वी स्वतःच्या राहत्या घराला 10 लाखांच्या खर्चापर्यंत यातून सूट होती. 21 नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि ही मर्यादा 50 लाख झाली. परंतु घर स्वतःला राहण्यासाठी आहे हे कागदावर दिसले पाहिजे. नकाशात खाली दोन गाळे दाखवून वर "राहते घर" म्हटले, तर ते म्हणणे लंगडे पडते. पैसे भरण्याआधी प्रत्येक रक्कम कशाची, हे लेखी विचारावे. एकदा भरलेले परत मिळवताना चपला झिजतात.

हा उपकर वाईट नाही, हेही सांगितले पाहिजे. त्याच पैशातून बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळ चालते. आपल्या वस्तीतले कितीतरी गवंडी, बिगारी, सेंट्रिंगवाले सकाळी नाक्यावर उभे असतात. 18 ते 60 वयाच्या ज्या कामगाराचे वर्षात 90 दिवस बांधकामावर भरले, त्याने तिथे नोंदणी करावी.

तिसरी आणि सर्वांत मोठी गोष्ट.  रमाई घरकुलाचे अनुदान हप्त्याने, काम पाहून मिळते. मुहूर्ताच्या किंवा पावसाच्या धास्तीने मंजुरीआधीच पाया भरला, तर अनुदानावर पाणी सोडण्याची वेळ येऊ शकते. मोकळ्या जागेचा फोटो, मंजुरी, मग कुदळ, हाच क्रम ठेवावा.

आमची घरातील मायबहिणींना एक विनंती आहे. एक जाड फाईल आणा. मंजुरी आदेश, जागेचा उतारा, पास, पोच, पावत्या सारे तिच्यात ठेवा, आणि ती फाईल तुमच्या ताब्यात असू द्या. शिकलेल्या मुलामुलींनी प्रत्येक कागद आईबापांना मोठ्याने वाचून दाखवावा. श्रीगोंद्याच्या वहिनींनी आता तेच केले आहे. दंडाचे हप्ते अजून चालू आहेत, पण पुढचा ट्रॅक्टर आला तो पास घेऊनच.